चांदनी मारली का?

आमच्या धंद्यात एक वाक्य फार चालतं, "पुढून बंद आहे." गिऱ्हाइकाचा फोन आला की पहिलं उत्तर हेच. पुढून म्हणजे नेमकं कुठून, हे कुणी विचारत नाही. पाथरीचा माणूस परभणीकडे बोट दाखवतो, परभणीचा नांदेडकडे, तिथला मुंबईकडे, आणि मुंबईवाला बहुधा समुद्राकडे दाखवत असेल. मी परभणीत घरोघरी इंटरनेट पुरवतो. हे वाक्य मीही पुष्कळ वापरलं आहे, आणि कधीकधी ते खरंही असतं. पण या उन्हाळ्यात आमच्या मेळाव्यात एक गोष्ट अशी घडली की त्या दिवशी हे वाक्य म्हणायला कुणाचीच जीभ रेटेना.

बाहेरच्या माणसाला आमचं काम समजावताना लोक पाण्याच्या टाकीचं उदाहरण देतात. मी देत नाही, कारण परभणीत पाण्याचा विषय काढला की माणसं इंटरनेट विसरून नळावर बोलायला लागतात. सरळ सांगतो. केसाएवढी बारीक काचेची तार असते, तिला फायबर म्हणतात. तिच्यातून उजेड धावतो आणि उजेडावर बसून तुमचे फोटो, अभ्यास, भांडणं, सगळं धावतं. मोठ्या कंपनीकडून आम्ही ते ठोक घेतो, खांबाखांबावरून गल्लीत नेतो आणि प्रत्येक घरात एक पांढरा डबा बसवतो. लोक त्या डब्यालाच वायफाय म्हणतात. तार तोडण्याचं काम जेसीबी करतो, मंडपवाल्यांचे बांबू करतात आणि वानरं करतात. जेसीबीवाला निदान थांबून सॉरी म्हणतो.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर पानं पुरणार नाहीत. एका निवृत्त गुरुजींचं नेट दुपारी हमखास बंद पडायचं. जाऊन पाहिलं तर डब्यावर भरतकामाचं जाड कापड. धूळ बसू नये म्हणून त्यांच्या बाईंनी मायेने घातलेलं. डबा आत उकडून निघायचा. मी कापड काढलं तेव्हा गुरुजी हळूच म्हणाले, "तुमीच सांगा हिला. मी सांगितलं तर म्हणते, टीव्हीला चालतं, रेडिओला चाललं, याचेच काय एवढे लाड?" दुसरे एक गृहस्थ गावाला जाताना डबा बंद करून जायचे आणि आल्यावर विचारायचे, "इतक्या दिवसाचं साठलं असेल ना?" नाही म्हणताना मला खरंच वाईट वाटायचं.

माझे वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. घरात पदवी घेणारा मी पहिला. बी.एस्सी. झालो तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले, आणि मग पुष्कळ दिवस गल्ली विचारत राहिली, "मग, आता काय?" त्या प्रश्नाचं उत्तर मला सलीम उस्तादांच्या दुकानात मिळालं.

उस्ताद मूळचे टीव्ही दुरुस्त करणारे. मग केबल आली, मग इंटरनेट आलं, आणि ते प्रत्येकाच्या मागे शिडी घेऊन धावत गेले. ज्या वर्षी दुकान उघडलं त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली. तिचं नाव चांदनी, म्हणून दुकान 'चांदनी टीव्ही सेंटर'. मी गेलो त्या दिवशी नवीन यंत्राचं खोकं उघडून ते बसले होते आणि पुढ्यात इंग्रजीतलं जाड पुस्तक होतं.

"काय शिकलास?"

"बी.एस्सी. झालोय."

"मग हे वाच. तू वाच, मी हात चालवतो. बगू काय होतं."

मी वाचत गेलो, ते जोडत गेले. दोन ठिकाणी मी चुकीचं वाचलं, एका ठिकाणी त्यांनी उलटं जोडलं. संध्याकाळी यंत्र चालू झालं तेव्हा त्यांनी शेजारच्या हॉटेलवाल्याला हाक मारली, "एक चाय ग्रॅज्युएटला!" तेव्हापासून मी ग्रॅज्युएट. माझं नाव मिलिंद आहे, हे त्यांना माझ्या लग्नपत्रिकेवरून कळलं असावं, अशी आमच्यात थट्टा आहे.

जिल्ह्यात आज नेटचा धंदा करणारे बहुतेक सगळे त्यांच्या हाताखालून गेले. पाथरीचा दत्ता, पूर्णेच्या सुनंदाताई, मी, आणखी कितीतरी. आम्हाला सगळ्यांना त्यांची एक सवय लागली. डबा बसवला की त्याच्या आत, म्हणजे सेटिंगमध्ये, जायला एक पासवर्ड ठेवावा लागतो. तुम्ही मोबाइलवर टाकता तो वायफायचा पासवर्ड वेगळा. हा आमचा, म्हणजे कारागिराचा. घरातल्यांना तो ठाऊकही नसतो. उस्ताद तिथे लेकीचं नाव टाकायचे आणि पुढे एक-दोन-तीन-चार. त्यांच्यामागून आम्हीही तेच टाकायला लागलो. त्याला आमच्यात शब्दच पडला, चांदनी मारणे. डबा बसला, दिवा हिरवा झाला, की एकजण विचारणार, "चांदनी मारली का?" आणि दुसरा म्हणणार, "मारली." मग पाना-पकड पिशवीत आणि चहा.

यात आळस होता असं कुणी समजू नये. उस्तादांचा त्यामागे विचार होता. ते म्हणायचे, "कोणाचा बी माणूस कोणाच्या बी घरी जाऊन लाइन चालू करू शकला पायजे. गिऱ्हाईक कोणाचं का असंना, त्याचं काम अडू नये." आणि ते तसं चालायचं. मी आजारी पडलो तर दत्ता पाथरीहून येऊन माझ्या गल्ल्या सांभाळायचा, पूर्णेला लग्न असलं तर मी जायचो. एकमेकांच्या घरची किल्ली एकमेकांकडे असल्यासारखं होतं. मोठ्या कंपन्या आल्या तरी आम्ही टिकलो ते त्या किल्लीमुळे, असं मी आजही म्हणेन.

पुढे उस्तादांची नजर गेली. काचेच्या तारेला तार जोडायची तर डोळा लागतो. एक दिवस त्यांनी जोड मारायचं यंत्र माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "मला दोन तारा दिसायल्यात, हायेत किती?" एकच होती. त्यांनी दुकान बंद केलं, आपल्या गल्ल्या आम्हा शागिर्दांत वाटून टाकल्या. चांदनी मात्र डब्याडब्यांत राहिली.

या वर्षी होळीच्या सुमारास पूर्णेचं नेट आडवं झालं. तार शाबूत, दिवे हिरवे, पण काहीच चालेना. झालं असं होतं की बाहेरून कुणीतरी सुनंदाताईंच्या गिऱ्हाइकांच्या डब्यांत शिरलं होतं आणि त्या सगळ्या डब्यांना एकाच वेळी कुठल्यातरी लांबच्या यंत्राकडे सतत निरर्थक माहिती धाडायला लावलं होतं. गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर सगळ्या गावांच्या उसाच्या ट्रॉल्या एकदम निघाल्या की मागे एसटी, रुग्णवाहिका, दूधवाला सगळे अडकतात, तसं. डबे घरातल्यांचे, आणि राबत होते चोरासाठी. वरच्या कंपनीने ताईंना सांगितलं, तुमच्याकडून हल्ला होतोय, पुन्हा झाला तर जोडणी तोडू.

सुनंदाताईंचे यजमान रेल्वेत आहेत. धंदा ताईंचा स्वतःचा. शिडीवर त्या स्वतः चढतात. त्यांची गिऱ्हाइकं तुटायला लागली, आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दत्ताने लिहिलं, 'बाईच्या हातात वायर, मग होणारच फायर.' हसण्याच्या खुणा पडल्या. ताईंनी पुण्यातल्या एका सुरक्षेच्या जाणकार मुलीला बोलावून स्वतःचं जाळं तपासून घेतलं. तिचं नाव रेणुका. आणि ताईंनीच मला फोन केला, "मिलिंदभाऊ, मेळाव्यात हिला बोलू द्या. माझ्याकडं काय झालं ते सगळ्यांना कळू द्या."

मराठवाड्यातल्या आम्हा छोट्या नेटवाल्यांचा मेळावा यंदा परभणीत होता आणि व्यवस्था माझ्याकडे होती. मंगल कार्यालयाच्या मॅनेजरने पहिला प्रश्न विचारला, "तुमी मुलीकडचे का मुलाकडचे?" मी म्हणालो, "वायरीकडचे." त्याने तसंच लिहून घेतलं. खांबांचं भाडं, तारेचे भाव, दोघांनी मिळून एक तार टाकता येईल का, आणि जाळ्याची सुरक्षा, असे विषय होते. जेवणाआधी उस्तादांचा सत्कार आणि मग रेणुकाचं भाषण.

सकाळी पडदा लावून बघताना रेणुकाने आपली चित्रं भराभर पुढे नेली आणि एका चित्रावर मी तिला थांबवलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत चांदनी होतं आणि पुढे एक-दोन-तीन-चार. वर लिहिलं होतं, 'पूर्णेच्या हल्ल्याची किल्ली'.

"हे दाखवणार?" मी विचारलं.

"हेच तर दाखवायचंय, सर. असे प्रोग्रॅम जगभर फिरत असतात. दारंच हलवून बघतात. साधा शब्द आणि एक-दोन-तीन-चार, हे ते आधी लावतात. ताईंकडे सगळ्या डब्यांना हाच होता. का, तुम्ही ओळखता हा शब्द?"

मी तिला सांगितलं. हा एकट्या पूर्णेचा नाही. हा जिल्ह्याचा आहे. आणि ज्यांचा आहे, ते आज पहिल्या रांगेत बसणार आहेत, आपण त्यांना शाल घालणार आहोत.

तिने पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "शब्द झाकू शकते मी. पण झाकला तर प्रत्येकाला वाटेल, दुसऱ्याचा आहे. घरी जाऊन कुणी बदलणार नाही."

सुनंदाताई मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, उस्ताद मला बापासारखे हायेत. पण झाकलं तर बाईमुळंच झालं, हे कायमचं ऱ्हाईल."

दोघींचंही खरं होतं. मी खाली अंगणात गेलो. उस्ताद लवकर आले होते, लिंबाखाली खुर्ची टाकून बशीतून चहा पीत होते. पांढरे कपडे, कडक इस्त्री.

"काय रे ग्रॅज्युएट, तोंड का असं? जेवण कमी पडायलंय?"

"न्हाई उस्ताद. पूर्णेला जे झालं, ते आपल्या पासवर्डानं झालं. चांदनीनं."

मी सगळं सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"बाहेरून शिरले?"

"हाव."

"माझ्या टायमाला बाहेर होतंच कुठं? बाहेर म्हंजे जिंतूर रोड." मग त्यांनी विचारलं, "सगळ्यांकडं तेच हाय अजून?"

"बहुतेक. माझ्याकडंबी."

"मी दुकान बंद करून किती साल झाले. का न्हाई बदललं?"

"तुमचा हात होता त्याच्यावर."

उस्ताद माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मी नीट दिसत नसणार, पण मला मान खाली घालावी लागली.

"येड्यांनो," ते म्हणाले, "कुलूप हाय ते. फोटो न्हाई, हार घालून ठेवायला."

"मी त्या पोरीला शब्द झाकायला सांगतो."

"तू कोणाला काय बी सांगू नको." ते काठी टेकत आत गेले.

सत्काराच्या वेळी मंचावर लग्नातल्या लाल खुर्च्या तशाच होत्या. उस्तादांना त्यातल्या एकीवर बसवलं तेव्हा दत्ता ओरडला, "उस्ताद, नवरी कुठंय?" सगळे हसले, उस्तादही हसले. शाल झाली, नारळ झाला. मी माइक त्यांच्या हातात दिला.

"तुमी मला शाल दिली. शुक्रिया," ते म्हणाले. "आता मला एक बगायचंय. ज्यांच्या डब्यांत अजून चांदनी हाय, त्यांनी हात वर करा."

आमच्या जिल्ह्याची बाजू उसळली. टाळ्या, शिट्ट्या. सगळ्यांना वाटलं, हा सत्काराचाच भाग. हातच हात वर झाले. दत्ताने दोन्ही वर केले. "आमच्याकडं तर डबल, उस्ताद!" मीही हात वर केला. एकट्या सुनंदाताईंचा हात मांडीवर होता.

"खाली घेऊ नका. वरच ठेवा," उस्ताद म्हणाले. "बेटी, तुझं ते चित्र लाव आता."

रेणुकाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पडद्यावर ती अक्षरं आली.

वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा गोंगाट टिकला, मग पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. हात हळूहळू खाली यायला लागले.

"मी म्हणलं वरच." त्यांचा आवाज चढला नव्हता. "सुनंदा, उठ बेटा. हिच्या घरात चोर शिरला, कारण कुलूप मी दिलेलं होतं. तुमच्यात शिरला न्हाई, कारण त्याला अजून तुमचा पत्ता घावला न्हाई. ती तुमची हुशारी न्हाई. हिला ज्यांनी ज्यांनी नावं ठेवली, त्यांचे हात मला आता दिसायलेत. माझे डोळे गेलेत तरी दिसायलेत."

मग शालीचं टोक बोटांत धरून ते म्हणाले, "मी चांगल्यासाठीच केलतं. तवा चांगलंच होतं ते. आता न्हाई. बदला. जेवायच्या आधी बदला, मग मी जेवतो."

त्यांनी माइक माझ्याकडे दिला. मी त्यांचा हात धरला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. आधी कुणाला टाळ्या वाजवाव्यात का हेच कळेना. सुनंदाताईंनी सुरुवात केली. मग ज्या टाळ्या झाल्या, त्या सत्काराच्या टाळ्यांसारख्या नव्हत्या. आमच्यातले दोघे-तिघे डोळे पुसत होते.

पंगतीच्या लांब टेबलांवर लॅपटॉप उघडले गेले; आपापल्या डब्यांत आम्हाला दुरूनही शिरता येतं. एका बाजूला वरणाची पातेली झाकून ठेवलेली, बालुशाहीची परात झाकलेली, आणि आचारी हात बांधून बघत उभा. रेणुका पुढे सांगत होती. परक्यांना बाहेरून आत येण्याचं दार आधी बंद करा, मग प्रत्येक डब्याला वेगळी किल्ली द्या. एकच शब्द सगळीकडे नको, कितीही लाडका असला तरी. ताईंनी आपलं काम आधीच उरकलेलं असल्यामुळे त्या टेबलाटेबलांवरून फिरून दाखवत होत्या. दत्ता बराच वेळ आपल्या लॅपटॉपशी झटत होता. शेवटी उठून त्यांच्याजवळ गेला.

"ताई, चुकलं माझं. ते ग्रुपवरचं."

"बरं," ताई म्हणाल्या. "आणा इकडं तो लॅपटॉप. आणि ग्रुपवरबी लिवा, जिथं चुकलं तिथंच."

त्याने तिथेच उभ्याउभ्या लिहिलं. या वेळी हसण्याच्या खुणा पडल्या नाहीत. जेवायला फार उशीर झाला, वरण पुन्हा गरम करावं लागलं. उस्ताद शेवटचा माणूस 'झालं' म्हणेपर्यंत ताटावर बसले नाहीत.

या बदलात काही गेलं, हेही लिहिलं पाहिजे. आता माझ्या गल्लीत काही बिघडलं तर दत्ता परस्पर येऊन दुरुस्त करू शकत नाही. आधी मला विचारावं लागतं. परवा मी दवाखान्यात वडिलांजवळ होतो, फोन बंद होता, आणि एका घरी मुलीची ऑनलाइन मुलाखत खोळंबली. दत्ता दारात उभा होता पण त्याला डब्यात शिरता येईना. आम्ही त्यावर तोडगा काढतो आहोत, निघेल. पण जुनी मोकळीक आठवते. शब्द मात्र गेला नाही. डबा बसला की आमची माणसं अजून विचारतात, "चांदनी मारली का?" त्याचा अर्थ आता, या डब्याची स्वतःची किल्ली ठेवली का, असा आहे.

मेळावा आटोपल्यावर मी उस्तादांना मोटारसायकलवर घरी सोडायला निघालो. उन्हं अजून होती. मागे ते शाल सांभाळत बसले होते. स्टेशनचा रस्ता ओलांडल्यावर त्यांनी सहज विचारलं, "काय रे ग्रॅज्युएट, तू नवीन काय ठेवलं?"

उस्तादांनी विचारलं आणि मी सांगितलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. परीक्षेचे मार्क, लग्नाचं, घरातली भांडणं, सगळं त्यांना आधी ठाऊक. शब्द ओठांपर्यंत आलाच होता.

"उस्ताद, ते न्हाई सांगता येणार."

"मला बी?"

"तुमाला बी."

गाडी चालवताना मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता आणि आरशात नुसती शाल दिसत होती. दुखावले का, तेही कळेना. चौकात गाडी थांबली तेव्हा त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"अन पुन्यांदा विचारलं तर?"

"तरी न्हाई."

"अच्छा," ते म्हणाले. तो हात घर येईपर्यंत खांद्यावरच होता.

दार त्यांच्या लेकीने उघडलं. ती आता शाळेत शिकवते. वह्यांचा गठ्ठा तिच्या काखेत होता.

"अब्बा, दत्ताभाऊंचा फोन आलता. माझं नाव काढून टाकलं म्हणे साऱ्या जिल्ह्यातून?"

उस्तादांनी अंगावरची शाल काढली, चाचपडत तिचे खांदे शोधले आणि ती तिच्यावर पांघरली.

"काढलं बेटा," ते म्हणाले. "लय साल लोकांच्या घरी राबलीस. आता फक्त आपल्या घरची."